कोणताही गाडा कोणीही हाकू नये

एका राज्यात माणसं मोजकी होती आणि कायदे उदंड. माणूस जन्माला येई, जगे आणि मरे. कायदा मात्र एकदा जन्मला की मरायचं नाव घेत नसे.

त्याचं कारण असं. राजाच्या पणजोबांना एका जादूगारिणीने सोन्याचा शिक्का दिला होता. कागदावर काही लिहावं, खाली तो शिक्का उठवावा, की लिहिलेलं ऊन-पावसाइतकं खरं होई. शिपाई लागत नसे, तुरुंग लागत नसे. कायदा मोडला आणि मोडणाऱ्याचे पाय जमिनीला टेकले की त्यांना तिथल्या तिथे मुळं फुटत. गाडी असेल तर चाकांनाही फुटत, कारण चाक म्हणजे तरी काय, आडवं पाडलेलं झाडच. पहिल्या दिवशी साल गुडघ्यापर्यंत चढे, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, आणि तिसऱ्या दिवशी सूर्य टेकला की तोंड मिटे. मग त्याच्यावर पाखरं बसत. परमुलखातला व्यापारी त्या नगरीत आला की म्हणे, "वा, भर रस्त्यात काय दाट सावली!" गावकरी मान फिरवून पुढे चाले. त्यातला एखादा वड त्याचा मामा असे.

आता असा शिक्का हाती आल्यावर माणूस शहाणपणाने वागेल, असं तुम्हाआम्हाला वाटतं. पण ज्याच्या हाती हातोडा, त्याला जिकडे तिकडे खिळे दिसतात. एका राजाची दुपारची झोप गाडीच्या कुरकुरीने मोडली. झाला कायदा: चाक वाजू नये. तेव्हापासून गाडीवान पोटाला तेल नसलं तरी आखाला घालत. दुसऱ्या राजाचा डावा डोळा फडफडला. झाला कायदा: डावीकडे वळू नये. एका तेल्याचं घर होतं आणि घराच्या डावीकडे दुकान. बिचारा सकाळी निघे, उजवीकडे वळे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि गावाला वळसा घालून दुकानात पोचेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या गावाहून तेल घेऊन परत आलेलं असे. तिसऱ्याने हुकूम काढला की ज्याला शिंक आली त्याने त्या दिवशी उंबरा ओलांडू नये. मिरच्या कांडायच्या दिवशी अख्खी आळी घरात कोंडलेली असे.

आणि राजाच्या आजीसाहेबांच्या नव्या शालूवर एका भरधाव गाडीने चिखल उडवला, तेव्हा सगळ्यांत मोठा कायदा झाला. वेशीवरच्या शिळेवर तो कोरला होता: वेशीच्या आत कोणताही गाडा कोणीही हाकू नये. म्हणून वेस आली की गाडीवान खाली उतरे, हातात कडब्याची पेंढी धरून बैलांच्या पुढे पाठमोरा चाले आणि "या राजा, या सोन्या" करत त्यांची मनधरणी करी. बैल आले तर आले. नाही आले तर गाडीवानाने तिथेच वाट पाहावी.

त्या नगरीत धुळोजी नावाचा गाडीवान होता. त्याची बायको गोजरा. बाई कामाला चपळ आणि तोंडाची फटकळ, पण नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. नाव तर नाहीच, नावासारखा शब्दसुद्धा नाही. गाडीमागे उडते त्या धुळीला ती आयुष्यभर 'फुफाटा' म्हणत आली होती.

एका सकाळी कुंभाराच्या सुनेला कळा लागल्या. मूल आडवं आलेलं, आणि सुईण गावाच्या दुसऱ्या टोकाला. धुळोजीने पोरीला गाडीत घेतलं आणि पेंढी धरून चालू लागला. पन्नास पावलं गेल्यावर बैल एका दाराशी कोंडा हुंगत उभे राहिले. गाडीतून पोर ओरडली. धुळोजीने पेंढी फेकली, धुरेवर उडी मारली, शेपट्या पिरगाळल्या आणि "हैऽक" म्हणाला.

गाडी सुईणीच्या दारात पोचली. बाळ सुखरूप जन्मलं, बाळंतीण सुखरूप राहिली. धुळोजी खाली उतरला तो तिथेच रुजला. चाकं मातीत धसली आणि आऱ्यांना कोवळी पालवी फुटली.

गोजरा धावत आली तेव्हा वेशीवरचा कोतवाल जवळच्या भिंतीवर येऊन बसला होता. त्या नगरीतला कोतवाल म्हणजे खरोखरच कोतवाल पक्षी, काळा कुळकुळीत, शेपटीची कात्री झालेला. गुन्हा झाला की तो येऊन सांगे.

"गुन्हा: गाडा हाकला," कोतवाल म्हणाला. "गुन्हेगाराचं नाव?"

"त्यांनाच विचार. माझ्या तोंडी ते येत नाही."

"धुळोजी," धुळोजी म्हणाला. "आणि गोजरे, उभी काय राहिलीस? उजव्या पोटरीला खाज सुटलीय. सालीखालून सुटलीय, माझा हात पोचत नाही."

"अहो, थट्टा सुचते तुम्हाला?"

"मग काय सुचावं? दोन दिवसांनी तीही सुचणार नाही. बैलांना पाणी दाखव. आणि झाड झाल्यावर माझ्या अंगाला त्या तेल्याला बकरी बांधू देऊ नकोस. हलकट आहे तो."

गोजराने डोळ्यांना पदर लावला, तो खाली केला आणि कोतवालाकडे वळली. "पाखरा, तू कायदा सांगतोस. कायदा मोडतो कुठे, तेही सांग."

कोतवालाने मान तिरकी केली. "तीन पिढ्यांत हे कोणी विचारलं नाही. सगळे माफी कशी मिळेल ते विचारतात. सात वळणांच्या घाटाखाली पिंगळाई राहते. तिच्या आजीने शिक्का घडवला. तिला विचार."

"सांगेल?"

"फुकट नाही."

गोजराने शेजारणीची गाडी मागून घेतली, आपले बैल जुंपले, वेशीपर्यंत पेंढी धरून चालली, आणि वेशीबाहेर पाऊल पडताच अशी हाकली की मैलाचे दगड एकमेकांना चिकटलेले दिसले.

पिंगळाई घाटाच्या पायथ्याशी बसली होती. डोळे घुबडासारखे, मांडीवर सूप, सुपात चांदण्या. ती त्या निवडत होती. फुटक्या एकीकडे, धडक्या एकीकडे.

"ये," ती म्हणाली. "शिक्क्याचं मर्म हवं. तीन कामं कर."

"सांगा, आई."

"माझी एक गाडी आहे, दोन बैल आहेत. एक विस्तवाचा, एक पाण्याचा. गाडी घाटावर नेऊन परत खाली आण. एक विझता कामा नये, दुसरा उकळता कामा नये."

गोठ्यात दोन्ही बैल लांब लांब बांधलेले होते. एकाच्या नाकपुडीतून ठिणग्या उडत होत्या, दुसऱ्याच्या वशिंडावर मासे खेळत होते. भले भले गाडीवान त्यांना एका जुवाखाली आणायला गेले आणि वाफ होऊन परतले. गोजराने दोघांभोवती एक फेरी मारली. गाडीवानाच्या घरातल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही की बैलाचा जो स्वभाव, तेच त्याचं काम. विस्तवाची जीभ वर जाते, पाणी खाली धावतं. चढाला तिने एकट्या विस्तवाला जुंपलं आणि पाण्याला लांब कासऱ्याने मागे बांधलं. विस्तव धडधडत माथ्यावर चढला. माथ्यावर अदलाबदल केली. पाणी उताराला लागलं, आणि उतरताना सातही वळणं कोणी न सांगता घेतली, कारण पाणी नेहमी वळणावळणानेच उतरतं. मागून विस्तव निमूट चालत आला.

"एक झालं," पिंगळाई म्हणाली. "उद्या मला गाडीभर वाट आणून दे."

"वाट? चालतात ती?"

"तीच. काठोकाठ."

दुसऱ्या दिवशी गोजरा राजरस्त्यावर गेली. पाटी घेतली, खराटा घेतला आणि दिवसभर रस्ता झाडला. जे जमलं ते चाळून गाडीच्या साट्यात भरलं. पिठासारखं मऊ, गव्हाळ रंगाचं.

"ही वाट?" पिंगळाईने बोट बुडवलं.

"आई, हजार गाड्या गेल्या आणि त्यांनी वाट दळली. हे त्याचं पीठ. वाट म्हणजे याहून वेगळं काय असतं? बाकी सगळी तर आजूबाजूची शेतं."

पिंगळाई हसली. तिच्या हसण्याने दोन चांदण्या सुपातून खाली पडल्या. "दोन झालं. आता मालाचं नाव सांग. नावाशिवाय माल उतरत नाही."

"फुफाटा."

"फुफाटा तापलेला असतो, पाय भाजतो. हा गार आहे. खरं नाव."

गोजराने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. कान लाल झाले. "आई, दुसरं काहीही सांगा. डोंगर हलवायला सांगा."

"डोंगर बैलांनी हलवला असता. आधीची दोन कामं बैलांनी आणि चाकांनी केली. हे तिसरं तुझं आहे."

इकडे दुसरा दिवस कलत होता. तिकडे नगरीत साल कमरेपर्यंत पोचली असणार. गोजराने डोकीवरचा पदर सारखा केला. शब्द तर घ्यायला हवा, रीतही सोडायची नाही. मग बाईमाणसाने हळदीकुंकवाला करावं तेच तिने केलं. नाव उखाण्यात घेतलं:

"वाऱ्यासंगं उडते, चाकामागं पळते, कपाळी लागते वाटेची धूळ,
धुळोजीरावांच्या पायांना पुन्हा न फुटो मूळ."

साट्यातली धूळ आपोआप वर उठली, दारापुढे पसरली, आणि तिची थेट नगरीपर्यंत सरळ वाट झाली.

"तीन झाली," पिंगळाई म्हणाली. "ऐक. ज्याच्या पायांना मुळं फुटली, त्याच्याच हाताने शिक्का फुटतो. बाकी कोणी घणाने ठोकला तरी चरा उमटत नाही. माझ्या आजीने हे त्या वेळच्या राजाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. रुजलेला माणूस चालत नाही, आणि शिक्का राजाखेरीज कोणाच्या हाती पडत नाही."

"म्हणजे राजाचे पाय रुजले पाहिजेत."

"मी काही म्हटलं नाही."

"राजा गाडी हाकत नाही, मिरच्या कांडत नाही. तो कायद्यात सापडणार कसा?"

"मी जादूगारीण. गाडीवान तू आहेस," पिंगळाई म्हणाली आणि पुन्हा चांदण्या निवडायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गोजरा दरबारात उभी राहिली. सिंहासनावर उदयसेन महाराज होते. वय तिशीचं, चेहरा सालस, नजर कायम प्रधानांकडे. प्रधानांच्या मांडीवर कायद्यांचं दप्तर, आणि मधोमध मखमली उशीवर तो शिक्का.

गोजराने हकीकत सांगितली. बाळंतीण, सुईण, सगळं.

"वाईट वाटतं," राजा म्हणाला. "प्रधानजी?"

प्रधानांनी दप्तर चाळलं. "माफीचं कलम नाही, महाराज."

"नाही तर नाही. बाई, आमचा नाइलाज आहे."

गोजरा हलली नाही. "महाराज, एक विचारू? या राज्याचा गाडा कोण हाकतं?"

चोपदाराला रोजची सवय. त्याने काठी आपटली आणि ललकारी दिली, "राज्याचा गाडा हाकणारे, श्रीमंत उदयसेन महाराऽज!"

आणि मग त्याने जीभ चावली. वेशीवरची शिळा सगळ्यांना पाठ होती: कोणताही गाडा, कोणीही. एकेकाची नजर हळूच राजाच्या पायांकडे गेली. राजाचीही गेली. पाय होते तसेच होते, गोरेपान, मोजड्यांतले.

"बघा," गोजरा म्हणाली. "एक तंतू फुटला नाही. कायदा बोलण्याला फसत नाही, महाराज, तो करण्याला धरतो. म्हणजे गाडा तुम्ही हाकतच नाही. शिक्का हाकतो. तुम्ही आमच्यासारखी पेंढी धरून पुढे चालता, एवढंच."

"जीभ आवर!" प्रधान ओरडले.

"राहू द्या," राजा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, तुला काय हवंय ते सरळ सांग."

गोजराने ते सरळ सांगितलं. फसवून गळ्यात मारलेला माल परत येतो, हे ती जाणून होती. "तुम्ही शिक्क्याला न विचारता, दप्तर न बघता, स्वतःच्या तोंडाने न्याय करा. ते खरं हाकणं. तुमचे पाय रुजतील. रुजले की तुमच्या हातून शिक्का फुटेल."

"आणि नाही फुटला तर?"

"तर परवा संध्याकाळी तुमच्यावर पाखरं बसतील. मी खोटं सांगणार नाही."

"महाराज, हा कट आहे," प्रधान म्हणाले. "आणि शिक्का गेला तर उद्यापासून प्रत्येक गोष्ट कोण ठरवणार?"

राजा खिडकीतून पाहत होता. महालाच्या चौकात एक बकुळ उभा होता, जुना, एका बाजूला झुकलेला.

"तो माझा सारथी," राजा म्हणाला. "रंगनाक. मी सहा वर्षांचा होतो. डावीकडे हत्ती चालले होते, मी रडलो. तो घोड्यांपुढे पेंढी धरून चालत होता, त्याने रथ डावीकडे वळवला. त्यालाही कलम सापडलं नव्हतं."

तेवढ्यात कोतवाल खिडकीत येऊन बसला. "साल हनुवटीपर्यंत आली," तो म्हणाला. "सूर्य हातभर वर."

गोजराने राजावरची नजर काढली नाही.

राजा सिंहासनावरून उठला. पहिल्यांदाच प्रधानांकडे न बघता बोलला. आवाज थोडा चिरका निघाला. "धुळोजी गाडीवानाने कायदा मोडला. बरं केलं. आम्ही त्याला माफ करतो."

मोजड्या तटातट फाटल्या. राजाच्या पायांतून मुळं निघाली, फरशीच्या सांध्यांत शिरली, आणि साल घोट्यावर चढली. प्रधान किंचाळले. चोपदार पळाला. गोजराने शिक्क्याची उशीच उचलून राजापुढे धरली.

राजाने शिक्का धरला. हात वर केला. आणि हात तिथेच थांबला.

"महाराज," गोजरा म्हणाली.

"फोडला की सगळं माझ्यावर येईल," राजा पुटपुटला. "चुकलो तर बोट दाखवायला कोणीच नाही."

"ओठ," कोतवाल म्हणाला.

गोजराला ओरडावंसं वाटलं. पण बुजलेल्या बैलावर ओरडलं की तो मागे सरतो, हे तिला ठाऊक होतं. ती जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा कासरा हातात आला की सगळ्यांचेच हात कापतात, महाराज. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी गाडी उकिरड्यात घातली होती. बैल हसले असतील. पण दुसऱ्या दिवशी बैलांनी त्यांचं ऐकलं. न हाकणाऱ्याचं मात्र ते कधीच ऐकत नाहीत."

राजाने डोळे मिटले आणि स्वतःच्याच पायाच्या मुळावर शिक्का आपटला.

तो मडक्यासारखा फुटला. आत सोनं नव्हतं. साधी भाजलेली माती होती, वरून मुलामा.

मुळं सुकली आणि गळून पडली. नगरभर सालींचा खच पडला. वड, पिंपळ, चिंचा अंग झटकून माणसं झाली. कोणी विचारी, "माझी वांगी नासली की काय?" कोणी नातवालाच भाऊ समजून दटावी. चौकातला बकुळ म्हातारा सारथी होऊन बाकावर बसला आणि राजाकडे पाहून म्हणाला, "बाळराजे, हत्ती दिसले का?" राजाने त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

गोजरा पोचली तेव्हा धुळोजी तोंडातली साल थुंकत होता. "कडू आहे," तो म्हणाला. मग त्याने उजवी पोटरी पुढे केली, आणि गोजरा ती खाजवू लागली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कायदे गेल्यावर काय होतं, तेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच गाडीवान एकदम गाड्यांवर बसले. तीन पिढ्यांची हौस! जो तो डावीकडे वळू लागला, गरज असो नसो. घटकाभरात चौकात चार दिशांच्या चौदा गाड्या एकमेकींत अडकल्या. "आधी मी," "तुझा बाप इथे चिंच होता," अशी बोलणी सुरू झाली. आखाला आख घासला. प्रधान धापा टाकत आले आणि म्हणाले, "सांगत नव्हतो, महाराज? काढा नवा हुकूम."

उदयसेन महाराज पायी चौकात आले. मधोमध उभे राहिले. सवयीने त्यांनी बाजूला पाहिलं, मग स्वतःच हसले आणि गाडीवानांना विचारलं, "वेशीबाहेर तर कधीच कायदा नव्हता. तिथे तुम्ही कसं करता?"

गाडीवान एकमेकांकडे बघू लागले. इतकं साधं कोणी विचारील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तिथे काय," धुळोजी म्हणाला, "रिकामी गाडी भरल्या गाडीला वाट देते. आणि उतरणारा चढणाऱ्याला."

"मग इथे का नाही?"

एका रिकाम्या गाडीवाल्याने खाली मान घालून बैल मागे घेतले. त्याचं पाहून दुसऱ्याने. गूळ भरलेली गाडी आधी निघाली, मग सरपणाची, मग कुंभाराची मडकी, जपून जपून. प्रधानांनी दौत-लेखणी काढली. "लिहून ठेवू का, महाराज?"

"लिहा," राजा म्हणाला. "पण खडूने."

ते लिहीपर्यंत चौक मोकळा झाला होता. तेली डावीकडे वळून चार पावलांत दुकानात पोचला आणि इतक्या लवकर आता करायचं काय, म्हणून दारात बसून राहिला.

गाडी मुक्कामी आली, जू उतरलं. सांगणाऱ्याने पाणी प्यावं, ऐकणाऱ्याने आपली वाट धरावी.